पश्चिमेच्या काचा

त्या वर्षी पाडवा होऊन आठवडा उलटला तरी जिनिंगच्या काचांना नीळ लागली नाही, तेव्हाच भुजंगला कळलं की काकासाहेबांनी आता मनावर घेतलं आहे.

इतरांच्या घरी पाडवा झाला की अक्षयतृतीया येते. शेजूळांकडे मधेच ‘नीळ’ यायची. हसनाबादेहून, शहागडहून, असतील तिथून भाऊबंद जालन्याला जमायचे, बादल्यांमध्ये चुना आणि नीळ कालवायचे आणि जिनिंगच्या छपरावर चढून तिथल्या सगळ्या काचा रंगवायचे. दिवाळी झाली की पुन्हा चढून त्याच काचा पुसायचे. घरात नव्या आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी वाटायचं, ही कुलदैवताची काहीतरी अवघड सेवा असणार. तिला खरं कारण सांगायला कुणी पुढे येत नसे. खरं कारण असं होतं की भुजंगच्या पणजोबांनी कारखाना आडवा बांधला होता.

तिकडे राणीचं राज्य होतं आणि इकडे निजामाचं, तेव्हाची ही गोष्ट. पणजोबांनी सरकी काढायचा आणि गाठी बांधायचा अख्खा कारखाना विलायतेहून मागवला. बिडाचे खांब, लोखंडी तुळया, बोल्ट, काचा, सगळं जहाजानं मुंबईला उतरलं, रेल्वेनं मनमाडला आलं आणि तिथून बैलगाड्यांनी जालन्याला. सोबत टामस नावाचा एक साहेब आला, त्याच्याजवळ नकाशा होता. नकाशात छप्पर करवतीच्या दातांसारखं होतं. दाताची एक बाजू कौलांची, दुसरी काचेची, आणि काचेची बाजू उत्तरेला. म्हणजे उजेड आत यावा आणि ऊन बाहेर राहावं. साहेबानं बिचाऱ्यानं सगळा विचार केला होता. फक्त दार दक्षिणेला ठेवलं होतं, कारण रस्ता दक्षिणेला होता.

“दक्षिणेला दार?” पणजोबा म्हणाले. “कापूस काय यमाला विकायचा हाये?”

साहेब म्हणाला, रस्ता तिकडे आहे. पणजोबा म्हणाले, रस्ता हलवू. आणि त्यांनी रस्ता हलवला. तिथून जाणारी वाहनं अजूनही विनाकारण एक वळसा घेतात आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. दार पूर्वेला आलं. पण दार, खांब आणि छप्पर एकमेकांच्या मापानं कापून आलेलं असल्यामुळे दाराबरोबर बाकीचा कारखानाही वळला आणि उत्तरेच्या काचा पश्चिमेला आल्या. साहेबानं हात जोडून सांगितलं, की दुपारनंतर सगळं ऊन आत येईल. पणजोबांनी उत्तर दिलं, की जालन्यात ऊन कुठूनही येतंच.

पहिल्याच उन्हाळ्यात कामाला आलेल्या बाया दुपारी जमिनीवर पाय टेकेनात. गाठी हाताला चटका देऊ लागल्या. चूक मान्य करणं पणजोबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बाजारातली होती नव्हती ती सगळी नीळ उचलली आणि सांगितलं, आपल्याकडे दर चैत्रात काचांना नीळ देतात. त्या क्षणापासून ती प्रथा फार जुनी झाली.

आता शहाण्णव साल होतं. जिनिंग बंद पडून एक तप उलटलं होतं, वाफेचं इंजिन भंगारात गेलं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, कमानीच्या खिडक्या आणि धुराडं मात्र जागच्या जागी होतं. काकासाहेबांना तिथे प्लॉट पाडायचे होते. काकासाहेब म्हणजे भुजंगचे थोरले चुलते. बारशालाच हे नाव ठेवल्यामुळे त्यांचे वडीलसुद्धा त्यांना काका म्हणत आणि त्यामुळे लहानपणापासूनच त्यांच्या बोलण्याला घरात वजन होतं.

“यंदा नीळ न्हाई,” त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला होता. “पाडायच्या इमारतीला रंग कामून द्यायचा?”

तरी सवयीनं सगळे आले. रविवार होता. दुपार कलली आणि उघड्या काचांमधून ऊन आत ओतू लागलं. सतरंजीवर बसलेली शेजूळ मंडळी सावलीच्या पट्ट्याबरोबर सरकत होती. दाराशी कचरू ठेकेदार आपली माणसं आणि घण घेऊन सकाळपासून बसला होता. त्याला दर तासाला चहा जात होता, कारण काकूंचा, म्हणजे दुर्गाबाईंचा, पाहुण्याच्या बाबतीत असा नियमच होता. पाहुणा घर पाडायला आलेला असला तरी नियम तोच.

मालकी तिघांची होती. एक काकासाहेब, दुसऱ्या भुजंगच्या आई पुष्पाबाई, वडील गेल्यापासून, आणि तिसऱ्या काकासाहेबांच्या थोरल्या बहीण झुंबरबाई, ज्या हसनाबादेहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या आणि आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“बघ भुजंग,” काकासाहेब म्हणाले, “तुह्या वाईटावर कुणी न्हाई. पण हे छप्पर कवाबी डोक्यात पडंल. उद्या लेकराबाळाला काही झालं तर?”

“काका, शंभर वर्षं झाले. आजवर कुणाच्या डोक्यात काय पडलं?”

“कबुतराचं पडलं,” साहेबराव म्हणाला. हा काकासाहेबांचा जावई. शहागडला हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं आणि एक ट्रक होता, ज्यातून तो शहागडकडची सगळी मंडळी बसवून घेऊन आला होता.

“तू थांब रे,” काकासाहेब म्हणाले. मग उठून जवळच्या खांबापाशी गेले आणि अंगठीनं त्यावर टकटक केली. “आयका. हे काय हाये? पोकळ.”

“पोकळच हायेत ते,” भुजंग म्हणाला. “पन्हाळीतलं पाणी त्यातूनच खाली जातं. मुद्दाम पोकळ केलेत.”

“मुद्दाम असू दे न्हाईतर चुकून. पोकळ ते पोकळ.”

भुजंगनं आईकडे पाहिलं. पुष्पाबाई पदराचा वारा घेत होत्या. त्यांनी काकासाहेबांना होकार कधीच दिला होता आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. मुलगा तेहतिसाव्या वर्षात होता. त्यानं अळिंबीची शेती करून पाहिली. अळिंबी भरपूर उगवली, पण मुख्यतः न्हाणीघरात. मग ससे पाळले. ससे वाढत गेले, त्यांना घेणारा एकही माणूस वाढला नाही. आता तो म्हणत होता की जिनिंगमध्ये बियाण्याचं गोदाम करतो. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या निघाल्या होत्या, त्यातल्या एकीचे गिरिधर कुलकर्णी नावाचे साहेब उद्या सकाळी जागा बघायला येणार होते. त्यांची अट एकच होती. जागा गार पाहिजे.

इमारत राहिली तर गोदाम, पडली तर भुजंगनं शहागडला साहेबरावच्या दुकानात पंक्चर काढायला बसायचं. हे आई आणि चुलत्यांनी मिळून ठरवलं होतं. साहेबरावनं मन मोठं करून त्याच्यासाठी एक स्टूलही आणून ठेवलं होतं.

“माय,” भुजंग म्हणाला, “एक डाव मला करू दे.”

“ससे बी एकच डाव व्हते,” पुष्पाबाई म्हणाल्या. “भाऊजी बराबर सांगून राह्यले. प्लॉट पडला का दोन खोल्या पक्क्या बांधू. तुहं लगीन व्हईल. ह्या भट्टीत कोण पोरगी देईन?”

“नीळ दिली असती तर भट्टी झाली नसती. काकांनीच बंद केली.”

“म्हंजे मी ऊन आणलं का?” काकासाहेब म्हणाले.

यावर बऱ्याच जणांनी एकदम बोलायला सुरुवात केली. दुर्गाबाईंचं म्हणणं पडलं की ऊन आजेसासऱ्यांनी आणलं. हा घरातला विषय नव्हता, निदान मोठ्यानं बोलायचा तरी नव्हता. तेवढ्यात झुंबरबाई पहिल्यांदा बोलल्या.

“काका, तू म्हणतो इमारत कच्ची हाये.”

“कच्ची म्हंजे, आक्का, बिलकुलच गेलेली हाये.”

“मंग वढून पाह्य.”

“काय?”

“जावईबापूचा ट्रक हाये ना भाईर? साखळी लाव ह्या खांबाला आन् वढ. पडला तर माही सही घे अन् प्लॉट पाड. न्हाई पडला तर मी जित्ती हाये तवर ह्याच्याबद्दल शब्द काढायचा न्हाई.”

काकासाहेबांनी खांबाकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग कचरूकडे. कचरूनं बशी खाली ठेवली. “मालक,” तो म्हणाला, “आपलं काम हलकं व्हईल.”

“काढा साखळी,” काकासाहेब म्हणाले.

पणजोबांवर भुजंगचा विश्वास होता, पण त्याच माणसानं हा कारखाना आडवा बांधला होता हेही त्याला माहीत होतं. साहेबरावनं ट्रक उलटा घेऊन मागचा भाग दाराशी आणला. साखळीचं एक टोक ट्रकच्या मागच्या हुकाला अडकवलं, दुसरं खांबाला गुंडाळलं. आपल्या ट्रकवर साहेबरावचा जीव होता. तो ट्रक त्यानं एकदा अख्खा चिखलातून बाहेर काढला होता, म्हणजे दुसऱ्या ट्रकनं काढला होता, पण हा आत बसला होता.

“चला, सगळे भाईर,” काकासाहेबांनी टाळी वाजवली.

मंडळी उठली. झुंबरबाई उठल्या नाहीत. उलट सरकत सरकत त्या बरोबर त्याच खांबापाशी गेल्या आणि पाय पसरून बसल्या.

“आक्का, भाईर या,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“कामून? माह्या आज्याचं बांधकाम हाये. मी न्हाई यायची.”

“पडंल ना वो.”

“पडंल असं तुहा नवरा म्हणतो. मी कवा म्हणले?”

भुजंग दारात उभा होता. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. बाहेर साहेबरावचं इंजिन सुरू झालेलं होतं. त्याला वाटलं, आपण आत्याला हाताला धरून बाहेर काढावं, ते शहाणपणाचं होईल. तो आत गेला, आत्याच्या शेजारी गेला आणि हात धरायच्या ऐवजी खाली बसला. नंतर त्याला बऱ्याच जणांनी विचारलं की तू असं का केलंस. त्याला कधी नीट सांगता आलं नाही. शहागडचं ते स्टूल डोळ्यापुढं आलं एवढंच आठवत होतं.

“आलास?” झुंबरबाई म्हणाल्या.

“आलो.”

“पोकळ हाये म्हण तो.”

“हाव. आत पाणी असतं पावसाळ्यात.”

“लहानपणी मी कान लावून आयकायची,” त्या म्हणाल्या आणि कान लावला. एप्रिल होता. आत काहीच नव्हतं, तरी त्या ऐकत राहिल्या.

बाहेरून पुष्पाबाईंचा आवाज आला. “भुजंग, ये भाईर.”

“न्हाई, माय.”

“तुहं डोकं फिरलं का?”

“न्हाई.”

पुष्पाबाईंनी पदर खोचला आणि तरातरा आत आल्या. भुजंगला वाटलं आता कानाखाली बसणार. पण त्या त्याच्या पलीकडे धपकन बसल्या. “एकुलता एक हाये,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “तो आत अन् मी भाईर उभी राहून काय नारळ फोडू?”

“पुष्पा,” काकासाहेब बाहेरून म्हणाले, “तू तर माह्या बाजूनं व्हती.”

“तुमच्याच बाजूनं हाये, भाऊजी. इथं बसून हाये.”

यानंतर जे झालं त्याला कारण असं काही नव्हतं. हसनाबादेची दोन माणसं झुंबरबाईंना एकटं सोडायचं नाही म्हणून आत आली. त्यांच्या बायका त्यांच्यामागे आल्या. पुष्पाबाई आत काय बोलत आहेत ते बाहेरून नीट ऐकू येत नव्हतं म्हणून दुर्गाबाई आत आल्या. दुर्गाबाई आल्या म्हणून चहाची किटली आली. किटली आली म्हणून कचरूची माणसंही दाराच्या आतल्या बाजूला येऊन बसली. थोड्याच वेळात बाहेर फक्त काकासाहेब उरले, आणि ट्रकमध्ये साहेबराव.

साहेबरावनं खिडकीतून डोकं काढलं. “मामा, आत सासूबाई हायेत.”

“दिसून राह्यल्या.”

“मंग वढू का नको?”

काकासाहेब धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. भुजंगला आतून त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ओढ म्हणावं तर अख्खं खानदान खांबाखाली बसलेलं. ओढू नको म्हणावं तर आक्का जिंकली. असल्या वेळी काकासाहेब खाकरून विषय बदलत, पण आता बदलायला जवळ कुणी नव्हतं.

“वढ की,” झुंबरबाई आतून म्हणाल्या. “बिलकुलच गेलेली हाये ना?”

काकासाहेब खाकरले. मग चपला काढल्या, कारण सतरंजी होती, आणि आत आले. मंडळींनी सरकून जागा केली. ते बरोबर खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि बाहेर हात केला.

“साहेबराव,” ते म्हणाले, “वढ.”

“काका,” भुजंग हळू म्हणाला, “खात्री हाये?”

“आज्याचं बांधकाम हाये,” काकासाहेब म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. “काय पाहता? तुम्ही सगळे आत बसले. मी एकटा भाईर काय करू?”

साहेबरावनं गिअर टाकला.

साखळी जमिनीवरून उठली, ताणली गेली आणि वाजली. ट्रक गुरगुरला. त्याची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि दारातून धुळीचा लोट आत आला. खांब हलला नाही. वर पन्हाळीतली कबुतरं उडाली आणि पुन्हा बसली, म्हणजे त्यांचंही तेच मत होतं. साहेबरावनं आणखी जोर दिला. तुळईच्या खाचेतून शंभर वर्षांची निळी पूड भुरभुर खाली आली आणि काकासाहेबांच्या टोपीवर बसली. पुष्पाबाईंनी भुजंगचं मनगट धरलं. ते त्या पुढे बराच वेळ सोडणार नव्हत्या.

मग बाहेर काहीतरी तुटल्याचा मोठा आवाज झाला.

हुक तुटला होता. म्हणजे हुक तसा शाबूत होता, साखळीला लटकून दारातच पडला होता, फक्त तो आता ट्रकचा राहिला नव्हता. त्याच्यासोबत ट्रकचा मागचा फाळका आणि दोन दिवे आले होते. आणि मोकळा झालेला ट्रक, एवढा वेळ मनात धरून ठेवलेला सगळा जोर घेऊन, पुढे गेला. पुढे कंपाउंडची भिंत होती. काकासाहेबांनी प्लॉटच्या तयारीसाठी दिवाळीत बांधून घेतलेली, सिमेंटची, एकदम पक्की. ट्रकनं तिला बंपर टेकवला आणि ती झोपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता, आडवी झाली.

धूळ खाली बसली. साहेबराव ट्रकमधून उतरला. त्यानं मागं जाऊन पाहिलं, पुढं जाऊन पाहिलं. त्याला स्वतःला कुठंही लागलं नव्हतं. “मामा,” तो म्हणाला, “भिंत कुणी बांधली व्हती?”

“मीच,” कचरू म्हणाला, आणि चहाच्या बशीत पाहू लागला.

झुंबरबाई हसायला लागल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग पुष्पाबाई हसल्या. दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे बघून तोंडाला पदर लावला, पण पदरातून आवाज आला. भुजंगनं वळून खांबावर हात ठेवला. उन्हानं तापला होता. जिथे साखळी गुंडाळली होती तिथला रंग खरवडून निघाला होता आणि खालचं बीड काळंभोर चमकत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते धुळीच्या नावावर टाकलं.

काकासाहेब अजून तसेच उभे होते, पाठ खांबाला, टोपी निळी. ते एकदा आडव्या भिंतीकडे बघत आणि एकदा वर छपराकडे. घरातल्या सगळ्यांना त्यांची ही मुद्रा ओळखीची होती. ते बाजू बदलत होते आणि बाजू बदलताना त्यांना कुणी मधे बोललेलं चालत नसे.

“मी काय म्हणत व्हतो,” ते शेवटी म्हणाले, “हे असं काम आता होत न्हाई.”

“हे तुम्ही म्हणत व्हते?” दुर्गाबाई म्हणाल्या.

“मंग कोण? मी म्हणत व्हतो म्हणून तर वढून दाखवलं. न्हाईतर तुमची कुणाची खात्री पटली असती का?”

भुजंगला हसू आवरेना. झुंबरबाईंनी त्याला कोपर मारलं. “जिकला ना तू?” त्या पुटपुटल्या. “मंग त्याला बी थोडं जिकू दे.”

“काका,” भुजंग म्हणाला, “उद्या सकाळी बियाण्याचे साहेब येणार हायेत. जागा गार पाहिजे.”

“मंग?”

“अन् काचा उघड्या हायेत.”

काकासाहेबांनी वर पाहिलं. ऊन आता तिरपं होऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. त्यांनी कपाळावर हात धरला. “नीळ हाये का घरात?”

“हाये,” दुर्गाबाई म्हणाल्या. “चुना बी हाये. मी आणून ठेवला व्हता.”

“मी न्हाई म्हणलो व्हतो ना?”

“हाव. म्हणूनच पोत्याखाली ठेवला.”

कचरू उठून उभा राहिला. त्याची माणसंही घण घेऊन उठली. “मालक,” तो म्हणाला, “मंग आमचं काय? दिवस मोडला आमचा.”

“दिवस कामून मोडंल? तुला बोलावलं कशाला? छपरावर माणसं चढवायला.”

“पाडायला, मालक.”

“चढल्याशिवाय पाडणार कसा? चढ आधी. पुढचं वर गेल्यावर सांगतो.”

कचरू चढला. त्याची माणसं घण खाली ठेवून चढली आणि त्यांच्यामागे बादल्या चढल्या. हसनाबादेची मंडळी चढली, साहेबरावही चढला, कारण ट्रककडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं. खालून काकासाहेब ओरडून सांगत होते, की नीळ पातळ ठेवा, ब्रश आडवा मारा, पन्हाळीत सांडू नका. कुठल्या काचेला किती लावायची हे त्यांना तोंडपाठ होतं. पाडायच्या इमारतीबद्दल माणसाला इतकं माहीत असू नये.

भुजंग खालीच थांबला. सतरंजीवर ऊन पसरलेलं होतं. मग वर एक काच निळी झाली आणि खाली उन्हाचा एक तुकडा विझला. दुसरी झाली, तिसरी झाली. भिंतीकडून निळसर उजेड ओळीओळीनं पुढं सरकू लागला, खांबामागून खांब त्यात येत गेले आणि ज्याच्यावर साखळीचा ओरखडा होता तोही आला. हवा सुटली. पुष्पाबाईंनी अखेर भुजंगचं मनगट सोडलं आणि दोन्ही पाय लांब केले.

“किती पोते मावतील इथं?” त्यांनी विचारलं.

“पुष्कळ.”

“अन् त्या साहेबाला जेवायला काय लागतं? कुळकर्णी हाये म्हण. कांदा खातो का?”

“माय, तो जागा बघायला येऊन राह्यला.”

“जागा बघून झाल्यावर उपाशी जाईन का?”

एवढ्यात वरून कचरूच्या एका माणसानं छपराच्या फटीतून तोंड घातलं. कोपरापर्यंत निळा झाला होता. “मालक,” तो म्हणाला, “हितली एक काच फुटलेली हाये. रंगवू का नवी बसवायची?”

काकासाहेबांनी तोंड उघडलं. मग ते भुजंगकडे वळले.

“तुला इच्यारून राह्यला तो,” ते म्हणाले. “बोल की.”

भुजंगनं वर पाहिलं.

“नवी बसवू,” तो म्हणाला.